एकाच पाइपातून

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. त्याच्या नव्या घराचं काम सध्या जोरात चाललंय. फर्निचर, रंग, वायरिंग, सगळं एकदमच.

"मामा, एक छोटासा प्रश्न आहे. गीझरच्या वायरीचा पाइप आहे ना, त्यातूनच सीसीटीव्हीची वायर नेली तर चालेल? वायरमन म्हणतो चालतं. वेगळा पाइप टाकायचा तर टाइल्स लावलेली भिंत पुन्हा फोडावी लागेल."

"नाही चालणार," मी म्हटलं.

"अरे पण तो म्हणतो, सगळीकडे असंच करतात."

"करतात खरं. म्हणून तर नको म्हणतोय."

पलीकडे शांतता. मामाचं वय झालं, असा तिचा अर्थ असावा. फोनवर मला धड समजावता येईना, तेव्हा 'नीट लिहून काढतो' असं सांगून मी सुटका करून घेतली. म्हणून हा लेखनप्रपंच. भाचा वाचेलच. ज्यांच्या घरी वायरमन यायचा आहे त्यांनीही वाचावं.

माझं सगळं आयुष्य इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये गेलं. म्हणजे नेमकं काय, हे नातेवाइकांना मी आजवर सांगू शकलेलो नाही. आई तर शेवटपर्यंत सगळ्यांना 'तो कारखान्यात घड्याळं लावतो' असंच सांगायची. तसं ते फार चूक नव्हतं. तापमान, दाब, पातळी, प्रवाह दाखवणारी घड्याळंच ती.

कुठल्याही कारखान्यात ढोबळमानाने दोन प्रकारच्या वायरी असतात. काही राबतात आणि काही सांगतात. राबणाऱ्या वायरी ४१५ व्होल्टच्या. त्या मोटारी फिरवतात, त्यांच्यातून शंभर-दोनशे अँपिअर सहज वाहतात. सांगणाऱ्या वायरी बहुधा २४ व्होल्टच्या, आणि त्यांच्यातून जातात ४ ते २० मिलिअँपिअर. टाकी रिकामी असेल तर ४, काठोकाठ भरली तर २०. सुरुवात शून्यापासून न करता चारपासून केलेली असते, म्हणजे वायर तुटली तर आकडा शून्यावर येतो आणि 'टाकी रिकामी' व 'वायर तुटली' यांतला फरक लगेच कळतो. काही सांगणारे तर याहूनही हळू बोलतात. भट्टीचं तापमान मोजायला के टाइपचं थर्मोकपल असतं, ते एका अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट देतं. म्हणजे कुठून तरी एक मिलिव्होल्टचा घोटाळा शिरला, की तापमानात जवळजवळ २४ अंशांची चूक.

आता असा हळू आवाजात बोलणारा माणूस ढोलताशाच्या पथकाशेजारी उभा केला तर काय होईल? त्याचं बोलणं ऐकू येणार नाही, आणि जे ऐकू येईल ते त्याचं नसेल. दोन केबल शेजारून समांतर धावतात तेव्हा नेमकं हेच होतं. याचा पुरावा तुमच्या घरातही असेल. बटण बंद केलं तरी काही एलईडी दिवे रात्री मंद तेवत राहतात किंवा मधूनच लुकलुकतात. भुताटकी वगैरे काही नाही. दिव्याकडे जाणारी बंद वायर आणि तिच्या शेजारची चालू वायर यांच्यामध्ये प्लास्टिक असलं, तरी दोघी मिळून एक छोटा कपॅसिटर होतो. त्यातून झिरपणारा इवलासा प्रवाह जुन्या पिवळ्या बल्बला कळायचाही नाही, एलईडीला मात्र पुरतो. दुसरा प्रकार चुंबकाचा. जाड केबलमधून मोठा प्रवाह वाहिला की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि शेजारच्या वायरीत ते आपलं व्होल्टेज ढकलतं. ट्रान्सफॉर्मर ज्या तत्त्वावर चालतो, तेच हे. मोटारींचा वेग कमीजास्त करणारे ड्राइव्ह आले तेव्हापासून तर हा त्रास फारच वाढला. ते वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात, आणि असा प्रत्येक झटका शेजारच्या तारेत उमटतो.

यावर इलाज आहेत. वायरींची जोडी पीळ देऊन घ्यायची, म्हणजे एका पिळात शिरलेला गोंधळ पुढच्या पिळात उलटा होऊन रद्द होतो. वरून धातूच्या वर्खाची शील्ड चढवायची आणि तिला एका टोकाला अर्थिंग द्यायचं. समांतर धावणं टाळायचं, केबल ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडायची. आणि दोन ट्रेमध्ये अंतर ठेवायचं. आम्ही ३०० मिलिमीटर नेमाने पाळत असू. पण हा काही जादूचा आकडा नव्हे. केबल किती लांब बरोबरीने धावतात आणि त्यांच्यातून किती प्रवाह जातो, त्यावर ते ठरतं.

इथपर्यंत सगळे माना डोलावतात. आणि इथेच खरी गफलत होते. अंतर ठेवायचं ते फक्त आकडे हलू नयेत म्हणून, अशी समजूत एकदा झाली की पुढचं सोपं होतं. "साहेब, शील्डवाली केबल आहे, आता कशाला अंतर?" "साहेब, सिग्नल डिजिटल आहे, गोंगाटाचा प्रश्नच नाही." आणि हळूहळू दोन्ही केबल एकाच ट्रेमध्ये येतात.

माझं मत असं, की गोंगाट हे अंतर ठेवण्यामागचं धाकटं कारण आहे. थोरलं कारण वेगळंच आहे, आणि ते मला शिकावं लागलं एका माणसाच्या जिवावर बेतल्यावर. हे आजवर घरी कधी बोललो नव्हतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. एका रासायनिक कारखान्यात होतो. पावसाळ्यात एका खड्ड्यात पाणी साचायचं, ते उपसायला पंप बसवायचा होता. त्याची केबल न्यायला पॉवरच्या ट्रेमध्ये जागा नव्हती. शेजारी आमचा इन्स्ट्रुमेंटचा ट्रे होता, अर्धा रिकामा. कंत्राटदाराने विचारलं, "तात्पुरती टाकू का? पाऊस संपला की काढतो." विनाआर्मरची, काळी, रबराची केबल होती. मी सही केली. 'तात्पुरती' हा शब्द त्या कागदावर माझ्याच अक्षरात होता.

पाऊस संपला. केबल राहिली. तशी ती राहतेच.

काही दिवसांनी एका टाकीच्या पातळीचा आकडा थरथरायला लागला. पंप चालू असला की जास्त. कारण मला माहीत होतं. केबल काढायची तर शटडाउन हवा होता. मग मी सोपा मार्ग धरला. कंट्रोल रूममध्ये बसून त्या सिग्नलचं डॅम्पिंग वाढवलं. आकडा शांत झाला, ऑपरेटर खूश झाला, मी चहा प्यायला गेलो.

तिथे आम्लाच्या वाफा असायच्या, त्यात लोखंड टिकत नसे, म्हणून ट्रे फायबरग्लासचा होता. कंत्राटदाराने एका वळणावर दोन्ही केबल मिळून बाइंडिंग वायरने करकचून आवळल्या होत्या. पंपाच्या थरथरीने ती तार महिनोन्‌महिने रुतत गेली, एका बाजूने पॉवरच्या केबलमध्ये आणि दुसऱ्या बाजूने आमच्या सिग्नलच्या. शेवटी ती एकीकडे तांब्यापर्यंत आणि दुसरीकडे शील्डपर्यंत पोचली. शील्डचं अर्थिंग कंट्रोल रूमच्या टोकाला, शिवणाच्या दोऱ्याहून थोड्या जाड तारेतून. इतक्या बारीक तारेतून ६३ अँपिअरचा फ्यूज उडण्याइतका प्रवाह टिकेल कसा? फ्यूज जागचा हलला नाही, तार मात्र वितळली. ट्रे लोखंडाचा असता तर कदाचित तिथेच बोंब झाली असती. आता शील्ड कुठेच जोडलेली नव्हती, आणि टाकीजवळच्या टोकापर्यंत तिच्यावर २३० व्होल्ट उभे होते.

कंट्रोल रूममध्ये दिसलं एवढंच, की पातळीचा आकडा शून्यावर गेलाय. वायर तुटली असेल म्हणून आमचा एक टेक्निशियन गेला. स्टुलावर चढून त्याने जंक्शन बॉक्स उघडला आणि शील्डच्या टोकाला गुंडाळलेली टेप उघड्या हातांनी सोडवायला घेतली. हातमोजे नाहीत, टेस्टर लावून बघणं नाही. का बघावं? चोवीस व्होल्टची वायर ती. रोज पन्नास वेळा हात लागायचा.

तो फेकला गेला. स्टुलावरून पडला म्हणून हात सुटला, आणि हात सुटला म्हणून वाचला. मनगट मोडलं, दोन बोटं भाजली. संध्याकाळी दवाखान्यात गेलो तर त्याने विचारलं, "साहेब, चोवीस व्होल्टच होते ना?"

या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधतोय. चूक त्याची नव्हती. सांगणारी वायर माणसाला न बोलता एक शब्द देते, की माझ्यात काही झालं तरी तुझ्या जिवाला धोका नाही. त्या शब्दावर विसंबून तो गेला. आणि तो शब्द माझ्या सहीने, माझ्या 'तात्पुरत्या'ने मोडला होता. केबल कालही तशीच दिसत होती आणि आजही तशीच. रंग तोच, नंबर तोच. फक्त आतला अर्थ बदलला होता.

हे असं आमच्याच कारखान्यात झालं असं नाही. १७ जुलै १९९६ ला टीडब्ल्यूए कंपनीचं फ्लाइट ८०० न्यूयॉर्कहून पॅरिसला निघालं. बोइंग ७४७, पंचवीस वर्षं जुनं. उडाल्यावर बारा मिनिटांनी ते लाँग आयलंडजवळ समुद्रावर हवेतच फुटलं. २३० माणसं गेली. क्षेपणास्त्र लागलं, घातपात झाला, अशा वावड्या खूप उठल्या. चार वर्षांच्या तपासानंतर, ऑगस्ट २००० मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने निष्कर्ष काढला. पंखांच्या मधल्या, जवळजवळ रिकाम्या टाकीतल्या इंधनाच्या वाफांचा स्फोट झाला होता. ठिणगी नेमकी कुठून आली हे खात्रीने ठरवता आलं नाही, पण सर्वांत जास्त शक्यता त्यांनी जी मांडली ती वाचून मी हादरलो. टाकीच्या बाहेर कुठे तरी शॉर्टसर्किट झालं, आणि त्यातून जास्तीचं व्होल्टेज इंधनाची पातळी मोजणाऱ्या वायरींत शिरलं.

पातळी मोजणाऱ्या वायरी! मुद्दामच इतक्या कमी ऊर्जेच्या ठेवलेल्या, की त्यांच्यामुळे टाकीत ठिणगी पडूच नये. त्यांची स्वतःची रचना चोख होती. पण विमानभर धावताना त्या जास्त व्होल्टेजच्या वायरींबरोबर एकाच जुडग्यात बांधलेल्या होत्या. कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात स्फोटापूर्वी साधारण दोन मिनिटं कॅप्टन म्हणतो, की चार नंबरच्या इंजिनाचा इंधनप्रवाहाचा काटा वेड्यासारखं करतोय. त्याचा स्फोटाशी संबंध होताच असं कुणी सिद्ध केलेलं नाही. पण ते वाचताना मला माझा थरथरणारा आकडा आठवला, आणि मी वाढवलेलं डॅम्पिंग. थरथर ही तक्रार होती. मी तक्रार सोडवली नाही, तक्रार करणाऱ्याचं तोंड दाबलं.

पुढे २००७ साली अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने विमानातल्या वायरिंगसाठी वेगळे नियम केले. त्यात वायरी एकमेकींपासून अलग ठेवण्याचं स्वतंत्र कलम आहे. जमिनीवर तर हे नियम जुनेच आहेत. ब्रिटिश संहितेत विजेचे दोन पट्टे मानतात, कमी व्होल्टेजचा आणि नेहमीच्या विजेचा. दोन्ही एकाच पाइपात घालायचे नाहीत. घालायचेच तर प्रत्येक वायरीचं इन्सुलेशन त्यातल्या सर्वांत जास्त व्होल्टेजला पुरेल असं हवं, नाही तर मध्ये पडदा हवा. अमेरिकेची संहिता अशा कमी शक्तीच्या वायरींना विजेच्या वायरींपासून निदान ५० मिलिमीटर दूर ठेवायला सांगते. आपल्याकडे घरगुती वायरिंगचं मानक आहे आयएस ७३२. त्याचंही तत्त्व हेच.

यातलं इन्सुलेशनचं वाक्य महत्त्वाचं आहे. नियम करणाऱ्यांनी इथे गोंगाटाचा विचार केलेला नाही. त्यांनी विचार केलाय तो एका वाईट दिवसाचा, ज्या दिवशी दोन वायरींमधलं प्लास्टिक फाटेल.

आता यावरचे आक्षेप. मीही ते वर्षानुवर्षं मीटिंगांमध्ये ऐकले आहेत, कधी स्वतः घेतलेही आहेत.

'जागा नसते.' खरं आहे. मग ट्रेमध्ये अर्थिंग केलेला पत्र्याचा पडदा घाला, किंवा सिग्नलची केबल स्वतंत्र लोखंडी पाइपातून न्या. तोही अलगपणाच आहे. अंतर फुटपट्टीनेच मोजावं असं नाही.

'शील्ड आहे ना!' शील्ड गोंगाट अडवते. वीज अडवणं हे तिचं काम नाही. उलट ती स्वतः धातू आहे. आमच्याकडे मृत्यू त्या टेक्निशियनपर्यंत आला तो शील्डवरूनच.

'आता फायबर आलं, वायरलेस आलं.' उत्तम. काचेच्या तंतूला गोंगाटाशी काही देणंघेणं नाही. फक्त त्यावर पोलादी आर्मर नाही ना, एवढं बघून घ्या.

'आमच्याकडे बॅरियर आहे.' हे ज्वालाग्राही वायूच्या कारखान्यांतून ऐकू येतं. तिथे निळ्या रंगाच्या केबल असतात, आणि त्यांच्यातली ऊर्जा कंट्रोल रूममधलं बॅरियर नावाचं उपकरण मर्यादित ठेवतं. पण बॅरियरच्या पलीकडे, वाटेत कुठे तरी, पॉवरची केबल त्या निळ्या केबलला भिडली तर बॅरियर काय करणार? दाराला कुलूप लावून खिडकी उघडी ठेवल्यासारखं ते.

आणि शेवटचा, सर्वांत जड आक्षेप: 'इतकी वर्षं काही झालं नाही.' यावर मी काय बोलणार? आमच्याकडेही काही झालं नव्हतं, ज्या दिवशी झालं त्याच्या आदल्या दिवसापर्यंत.

तर भाचेबुवा, आता तुमच्या गीझरकडे येऊ. सीसीटीव्हीची गोल वायर आतून कशी असते? मध्ये एक तार, भोवती प्लास्टिक, त्यावर तांब्याची जाळी. ती जाळी टोकाच्या धातूच्या पिनेला जोडलेली असते, आणि तिथून बहुधा रेकॉर्डरच्या पत्र्याच्या पेटीला. ती पेटी चालते कशावर? दोन पिनांच्या छोट्या अॅडाप्टरवर. म्हणजे अर्थिंग नाही. आता पाइपाच्या वळणावर ओढाताणीत गीझरच्या वायरीचं इन्सुलेशन सोललं गेलं आणि त्या जाळीला भिडलं, तर तुझ्या हॉलमधली ती पेटी २३० व्होल्टवर जाईल. एमसीबी पडणार नाही, कारण प्रवाह कुठे वाहतच नाही. कॅमेरा कदाचित चित्रही दाखवत राहील. आरसीसीबी असेल तर तो पडेल, आणि तो बसवच. पण त्याला कळणार कधी? कुणाच्या तरी अंगातून प्रवाह जायला लागल्यावर. ते कुणी तरी म्हणजे तुझी दीड वर्षाची मुलगी असेल, चमकणाऱ्या निळ्या दिव्याला हात लावायला गेलेली. हे मी फोनवर बोललो नाही. बोलवलंच नाही.

वायरमन खोटं बोलत नव्हता. 'चालतं' हे खरंच आहे. कॅमेरा चालेल, गीझर चालेल, वर्षानुवर्षं चालेल. पण 'चालेल का' हा प्रश्नच अपुरा आहे. विचारायचं असं, की ज्या दिवशी हे बिघडेल त्या दिवशी काय होईल, आणि ते कुणाला कळेल. एकाच पाइपात दोन्ही वायरी असतील तर उत्तर असं आहे, की जो हात लावेल त्याला कळेल.

एवढं सगळं लिहून आधी त्यालाच पाठवलं. त्याने टाइल्स फोडल्या नाहीत, पण छताखालून वेगळी पांढरी पट्टी मारून त्यातून कॅमेऱ्याची वायर नेली. दिसायला अगदीच वाईट दिसते म्हणे. सूनबाई नाराज आहेत. घरात तिला 'मामाची पट्टी' असं नाव पडलंय.

पडू दे. त्या नावाला माझी काही हरकत नाही.